सांगोला विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगोला मतदारसंघ नेमका कुठे आहे आणि त्यात कोणता भाग येतो?

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम-दक्षिण अंगाला. पलीकडे सांगली जिल्ह्यातले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे तालुके आहेत, म्हणजे चहूकडे दुष्काळी पट्टाच. मतदारसंघाचा क्रमांक २५३, जागा खुली. अख्खा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ मिळून हा मतदारसंघ होतो. ही रचना २००८ च्या पुनर्रचनेनंतरची आहे. त्यामुळे २००४ आणि २००९ चे आकडे शेजारी ठेवून 'अमक्याची मतं इतकी वाढली' असं सांगणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. मधल्या काळात हद्दच बदलली आहे.

लोकसभेला सांगोला माढा मतदारसंघात मोडतो. त्याआधी तो पंढरपूर या राखीव लोकसभा मतदारसंघात होता.

आजवर इथून कोण कोण आमदार झाले?

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक १९६२ ची. तिथपासून २०२४ पर्यंत एक पोटनिवडणूक धरून इथे १५ वेळा मतदान झालं आणि आमदार झाले चारच जण:

गणपतराव देशमुख (शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप) – १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४
काकासाहेब साळुंखे-पाटील (काँग्रेस) – १९७२
शहाजीबापू पाटील – १९९५ (काँग्रेस), २०१९ (शिवसेना)
डॉ. बाबासाहेब देशमुख (शेतकरी कामगार पक्ष) – २०२४

बासष्ट वर्षांत चार माणसं, आणि त्यातही पहिला आणि शेवटचा आजोबा-नातू. राज्यात घराणेशाहीचे मतदारसंघ पुष्कळ आहेत, पण सांगोल्याला सरसकट त्या रांगेत बसवता येत नाही. गणपतराव कुणाचा वारसा घेऊन आलेले नव्हते. ते या तालुक्यातलेही नव्हते. जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. सांगोल्यात आले ते वकिली करायला.

अकरा वेळा की दहा वेळा? वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा आकडा वाचायला मिळतो.

अकरा वेळा. घोळ होतो तो १९७४ मुळे. सार्वत्रिक निवडणुकांची यादी समोर घेऊन बसलात तर दहाच विजय मोजले जातात, कारण पोटनिवडणुकीचा निकाल त्या यादीत नसतो. १९७२ ला आबासाहेब, म्हणजे गणपतराव, हरले, दोन वर्षांनी जागा रिकामी होऊन पोटनिवडणूक लागली आणि ते परत निवडून आले. काही जुन्या लेखांत 'दहा वेळा' असतं, ते २०१४ च्या आधी लिहिलेले असतात. तिथे चूक नाही, लेख जुना आहे एवढंच.

हा देशातला किंवा जगातला विक्रम आहे का?

सांगोल्याच्या पारावर हा प्रश्न विचारू नये, पण उत्तर नाही असंच आहे. केरळमध्ये पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले आणि पुथुपल्लीतून उम्मन चंडी १२ वेळा. करुणानिधीही तमिळनाडू विधानसभेवर १३ वेळा गेले, मात्र मतदारसंघ बदलत बदलत.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर एका जागेवरून, एकाच पक्षाच्या झेंड्याखाली ११ वेळा, हे गणपतरावांचंच. 'एकाच पक्षाच्या' या शब्दांवर माझा भर आहे. राज्यात आज दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी आहेत. १९६२ ला ज्या पक्षाकडून अर्ज भरला, त्याच पक्षाकडून २०१४ ला भरणं हे अकरा या आकड्याहून अवघड होतं असं मला वाटतं. सत्ता मिळाली तीही याच झेंड्याखाली, १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात.

मग सांगोला हा शेकापचा बालेकिल्ला म्हणायचा ना?

वर्तमानपत्रांचा हा लाडका शब्द. बालेकिल्ला म्हटला की पलीकडे लढायला कुणी नाही असं चित्र उभं राहतं. सांगोल्यात तसं कधीच नव्हतं. इथे विरोधक कायम तगडा राहिला, त्याची मतं कायम भरभक्कम राहिली आणि तीन वेळा तर त्याने शेकापला घरी बसवलं: १९७२, १९९५ आणि २०१९. त्यातले दोन निकाल इतके निसटते होते की पुढची पाच वर्षं गावागावांत 'आपल्याच वाडीनं घात केला' हा वाद चालू राहिला. गणपतराव पुन्हा पुन्हा निवडून आले ते एका घट्ट विरोधी फळीला दर वेळी मागे टाकून. बिनधोक मतदारसंघात आमदाराला जी सवलत मिळते, ती इथे मिळाली नाही. एस.टी.ने फिरणारा आमदार म्हणून त्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं. त्याच एस.टी.त आणि स्टँडवर लोक त्यांना गाठून कामं सांगत, आणि पुढची निवडणूक तिथे अर्धी होऊन जाई, हे मात्र कमी लिहिलं गेलं.

१९७२ ला गणपतराव का हरले?

त्या वर्षी हरणारे ते एकटे नव्हते. बांगलादेश युद्धानंतरची ती निवडणूक. इंदिरा गांधींची लाट जोरात होती आणि काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या. शेकाप १९ वरून ७ वर आला. त्या लोंढ्यात सांगोलाही गेला आणि काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील आमदार झाले.

लगेच १९७२-७३ चा तो भयानक दुष्काळ पडला. सांगोला, आटपाडी, मंगळवेढा या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही खडी फोडण्याच्या आणि सुकडीच्या आठवणी असतात. दुष्काळी कामांवरची मजुरी, रोजगार हमी हे विषय शेकापच्या जिव्हाळ्याचे. १९७४ च्या पोटनिवडणुकीत मतदार त्यांच्याकडे परतले, यात दुष्काळाचा हात होता असं माझं मत आहे.

आणि १९९५? सत्तापालट तर काँग्रेसच्या विरोधात झाला होता.

हीच या मतदारसंघाची गंमत. राज्यभर काँग्रेसची पडझड झाली, पक्ष ८० वर आला, शिवसेना-भाजप युतीचं पहिलं सरकार बसलं. आणि सांगोल्यात त्याच काँग्रेसचे शहाजीबापू पाटील गणपतरावांना हरवून निवडून आले, अवघ्या १९२ मतांनी.

कारण साधं आहे. राज्यातला सत्ताधारी आणि तालुक्यातला सत्ताधारी हे वेगळे होते. लोकांना बदल हवा होता, तो उर्वरित महाराष्ट्राने काँग्रेसला पाडून घेतला आणि सांगोल्याने शेकापला पाडून. तालुक्यात सत्ता म्हणजे आबासाहेबच, बाजार समितीपासून सूतगिरणीपर्यंत. तेव्हा मतदान कागदी मतपत्रिकेवर होतं. १९२ मतांच्या फरकात बाद मतांचीही किंमत कळते. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की ते मत गेलं.

चिकमहूदचे शहाजीबापू १९९९ नंतर वीस वर्षं आमदारकीच्या बाहेर होते. उभे राहत, भरपूर मतं घेत आणि पडत. पराभवांनंतरही तालुक्यातला गट टिकवून धरणं सोपं नसतं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

२०१४ चा निकाल काय होता?

गणपतराव देशमुख ९४,३७४ मतं, शिवसेनेकडून लढलेले शहाजीबापू पाटील ६९,१५०. फरक २५,२२४. त्या वर्षी राज्यात युतीही तुटली होती आणि आघाडीही. आबासाहेब तेव्हा ८८ वर्षांचे होते. राज्यात मोदी लाट, शेकापच्या एकूण जागा तीन (अलिबाग, पेण आणि सांगोला), आणि इथे २५ हजारांचं मताधिक्य.

२०१९ ला ७६८ मतांनी जागा गेली, ती कशी?

हा निकाल जरा सावकाश वाचण्यासारखा आहे. वयामुळे गणपतराव उभे राहिले नाहीत. पक्षाने आधी घराबाहेरचं एक नाव पुढे केलं, मग ते बदललं आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं केलं. समोर युतीचे शहाजीबापू. मतं पडली ती अशी: शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६.

आता हे २०१४ शेजारी ठेवून पाहा. शेकापची मतं घटली नाहीत, उलट चार हजारांहून जास्त वाढली. आबासाहेब रिंगणात नसताना, नवखा उमेदवार असताना, शेवटच्या घटकेला नाव बदललेलं असताना. म्हणजे 'आबासाहेब गेले आणि शेकापची मतं गेली' हे जे तेव्हा सर्रास बोललं गेलं, ते आकड्यांत दिसत नाही. बदललं ते पलीकडे. शिवसेनेची मतं ६९ हजारांवरून ९९ हजारांवर गेली. पाच वर्षांपूर्वी विखुरलेली बिगर-शेकाप मतं या वेळी एका माणसाच्या मागे उभी राहिली.

मतदारसंघात तीनशेच्या आसपास मतदान केंद्रं धरली, तर ७६८ म्हणजे केंद्रामागे दोन-तीन मतं. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांची एक गाडी कमी आली किंवा जास्त आली, एवढाच हा फरक. म्हणूनच या भागात मतदानाच्या आदल्या रात्री स्वारगेटवरून निघणाऱ्या गाड्यांकडे दोन्ही बाजूंचं लक्ष असतं.

'काय झाडी, काय डोंगर'वाले आमदार ते हेच का?

हेच. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंद्यांच्या बंडात शहाजीबापू गुवाहाटीत होते. तिथून तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याशी झालेलं त्यांचं फोनवरचं बोलणं बाहेर आलं आणि महाराष्ट्राला सांगोल्याची बोली एका रात्रीत पाठ झाली. त्या संभाषणाने त्यांना जेवढी प्रसिद्धी दिली, तेवढी आधीच्या सगळ्या निवडणुकांनी मिळून दिली नसेल. मतांत तिचं रूपांतर झालं का, ते पुढच्या उत्तरात आहे.

बापूंच्या नावापुढे २०१९ आणि २०२४ दोन्हीकडे 'शिवसेना' दिसते, तेव्हा एवढं लक्षात ठेवावं: फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. २०२४ ला बापू त्याच चिन्हावर लढले. २०१९ ची शिवसेना अखंड होती.

२०२४ ला काय झालं?

तिरंगी लढत झाली. शेकापकडून डॉ. बाबासाहेब देशमुख, म्हणजे गणपतरावांचे दुसरे नातू. शिवसेनेकडून शहाजीबापू. उद्धव ठाकरे गटाकडून दीपकआबा साळुंखे, जे आधी राष्ट्रवादीचे विधान परिषदेतले आमदार होते आणि निवडणुकीच्या तोंडावर ठाकरेंकडे आले. शेकाप खरं तर महाविकास आघाडीचा मित्रपक्ष. पण सांगोल्याची जागा ठाकरे गटाने सोडली नाही आणि शेकापने माघार घेतली नाही.

निकाल: बाबासाहेब १,१६,२५६, शहाजीबापू ९०,८७०, आणि दीपकआबांना सुमारे ५१ हजार. मताधिक्य २५,३८६. आजोबांचं २०१४ चं मताधिक्य २५,२२४ होतं. नातवाने ते १६२ मतांनी ओलांडलं. योगायोगच आहे, पण सांगोल्यात तो आवर्जून सांगितला जातो.

विजयाचं गणित मात्र नीट मांडलं पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची मतं एकत्र केली तर ती एक लाख चाळीस हजारांच्या वर जातात, विजेत्यापेक्षा बरीच जास्त. ती सगळी एका झोळीत पडली असती असं नाही. दीपकआबांना मिळालेल्या मतांत ठाकऱ्यांना मानणारी, आघाडीची आणि बापूंवर नाराज असलेली अशी सगळीच होती; दीपकआबा उभे नसते तर त्यातली काही शेकापकडेही आली असती. तरीही २०१९ आणि २०२४ शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. समोर एकच उमेदवार असला तर सांगोला काट्यावर येतो, दोन असले तर शेकापला श्वास घ्यायला जागा मिळते. दोन्ही निकालांत शेकापची मतं वाढलेलीच आहेत, आणि एकात हार, एकात जीत.

राज्यात शेकाप एवढा आटला, मग सांगोल्यात कसा टिकला?

आधी आटणं किती ते पाहू. १९६७ ला १९ आमदार, १९७८ ला १३, १९९० ला ८, १९९९ ला ५, २००४ ला २. मधे २००९ ला ४ झाले, २०१४ ला ३, २०१९ ला एकटं लोहा आणि २०२४ ला एकटं सांगोला. आज विधानसभेत शेकाप म्हणजे सांगोल्याचा आमदार.

टिकण्याचं पहिलं कारण संस्था. शेतकरी सहकारी सूतगिरणी हे त्याचं ठळक उदाहरण. सांगोला काही कापसाचा पट्टा नाही. तिथे सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली, आणि तीही अशा काळात जेव्हा राज्यातल्या कित्येक सहकारी गिरण्या कर्जात बुडून बंद पडल्या. गिरणीत लागलेला माणूस, त्याचं घर, त्याचे पाहुणे अशी ही मतांची साखळी आहे.

दुसरं कारण पाणी, आणि त्यावर स्वतंत्र प्रश्न येतोच.

तिसरं कारण थोडं नाजूक आहे. जातीचं.

म्हणजे ही धनगर समाजाची मतं आहेत, असंच ना?

अर्धं खरं आहे. गणपतराव धनगर समाजाचे होते, तालुक्यात हा समाज मोठा आहे आणि तो वर्षानुवर्षं शेकापच्या पाठीशी राहिला. शहाजीबापूंच्या मागे मराठा समाजातला मोठा भाग राहिला. हे नाकारणं म्हणजे डोळे झाकून घेणं. पण एवढ्यावरच निकाल लागत असता तर तो दर वेळी सारखा लागला असता. तो तसा लागत नाही. वर्षानुवर्षं शेकापचं काम केलेली मराठा घराणी सांगोल्यात गावोगाव आहेत. पक्षाची स्थापनाच १९४७ मध्ये केशवराव जेधे, शंकरराव मोरे अशांनी केली, हेही विसरू नये.

पाण्याचा आणि मतदानाचा संबंध किती?

सांगोल्यात दुसऱ्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा जास्त. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. नीरा उजव्या कालव्याचं पाणी येतं, पण हा भाग शेपटाला. वर पाणी अडलं की इथे पाटात धूळ. कृष्णेचं पाणी आणायचं तर कऱ्हाडजवळून उचलणारी टेंभू योजना आणि मिरज तालुक्यातली म्हैसाळ योजना. दोन्ही उपसा योजना, म्हणजे वीजबिल थकलं की पंप बंद. गणपतराव आणि नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा घेतल्या, वर्षानुवर्षं घेतल्या, आणि या योजनांचा पाठपुरावा केला. प्यायच्या पाण्यासाठी शिरभावी योजना झाली, तिच्यावर ८१ गावं आहेत.

दर निवडणुकीत सभांमधला वाद एकच असतो: पाणी कुणी आणलं? शेकापवाले म्हणतात आबासाहेबांनी, बापूंची माणसं २०१९ नंतर मंजूर झालेल्या निधीचे आकडे वाचून दाखवतात. ज्या वाडीपर्यंत पाणी पोचलंय तिथे हे भांडण रंगतं, जिथे पोचलं नाही तिथे दोघांनाही ऐकून घ्यावं लागतं.

पाण्याच्या थेंबाथेंबावर इथे डाळिंब उभं राहिलं. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालीमारला सोडली गेली. तेल्या रोगाने बागा काढाव्या लागलेल्या शेतकऱ्याला मात्र तो कौतुकसोहळा सांगू नये.

भाजप किंवा राष्ट्रवादीचा आमदार इथे कधी झाला आहे का?

नाही. १९६२ पासून शेकाप, काँग्रेस आणि शिवसेना एवढेच.

महिला आमदार?

एकही नाही.

लोकसभेला सांगोला कसं मतदान करतो?

विधानसभेवरून अंदाज बांधू नका. माढ्यातून २००९ ला शरद पवार, २०१४ ला विजयसिंह मोहिते-पाटील, २०१९ ला भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि २०२४ ला धैर्यशील मोहिते-पाटील निवडून आले. शेकापचा स्वतःचा माणूस लोकसभेच्या मैदानात नसतो, त्यामुळे त्यांचं मत पक्षाने कुणाला पाठिंबा दिला आणि कार्यकर्त्यांनी तो किती मनावर घेतला यावर जातं.

पुढे हा मतदारसंघ बदलेल किंवा राखीव होईल का?

विधानसभेच्या जागांची पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे व्हायची आहे. महिला आरक्षणाचा २०२३ चा कायदाही पुनर्रचनेनंतरच लागू होणार अशी त्यात तरतूद आहे. भाळवणी मंडळ राहील की जाईल, जागा महिलांसाठी जाईल का, याच्या चर्चा चहाच्या टपरीवर आत्तापासून आहेत. त्यांना तूर्त आधार काही नाही.

माझ्या गावाने कुणाला किती मतं दिली ते कुठे कळेल?

मतदान केंद्रनिहाय आकडे 'नमुना २०' या निकालपत्रात असतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघ क्रमांक २५३ निवडा. तक्त्यात गावाचं नाव नसतं, केंद्राचा क्रमांक असतो. म्हणून त्याच निवडणुकीची केंद्रांची यादीही उतरवून घ्या, कारण केंद्रांचे क्रमांक दर वेळी थोडेफार सरकतात. टपाली मतं शेवटी वेगळ्या ओळीत येतात, ती कुठल्याच गावात धरायची नाहीत. १९९५ आणि त्याआधीचं शोधत असाल तर निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल पाहा. त्यांत मतदारसंघाचा एकूण निकाल मिळतो, केंद्रांचा नाही. आणि १९७४ ची पोटनिवडणूक तिथे १९७२ च्या अहवालात शोधू नका, ती त्यात सापडणार नाही.